फोनवर गाणी ऐकायची की वेगळा म्युझिक प्लेअर घ्यायचा?

दोन्ही वापरतो म्हणून सांगतो. सीडीवरून काढलेली एकच फ्लॅक फाइल (दर्जा न घटवता लहान केलेली), तेच वायरवाले इअरफोन, आधी फोनला डोंगल (इअरफोनची पिन जोडायचा छोटा अडॅप्टर) लावून ऐकली मग प्लेअरवर, आणि खरं सांगू का, प्लेअर भारी वाटला तो नुसता त्याचा आवाज जरा मोठा होता म्हणून! आवाज सारखा केला आणि फरक गायब. त्यामुळे व्हॉल्यूम जुळवल्याशिवाय तुलना करूच नका, कान हमखास फसतात.

खरा फरक कळला तो ३०० ओमवाले, म्हणजे वाजवायला जास्त ताकद लागणारे, मोठे हेडफोन लावल्यावर. फोनवर व्हॉल्यूम फुल करून पण मेल्यासारखे वाजत होते, डग्ग्याचा घुमारा कुठे गेला कळेना, आणि प्लेअरचा अँप (सिग्नलला ताकद देणारा भाग) निम्म्यावर ठेवला तरी दणक्यात. साध्या इअरफोनला एवढी ताकद लागतच नाही.

ब्लूटूथचा तर विषयच वेगळा, तिथे फोन काय न् प्लेअर काय, आतला डॅक (डिजिटल गाण्याचा आवाजाचा सिग्नल करणारी चिप) कामालाच येत नाही, कारण डॅक आणि अँप दोन्ही इअरबडमध्येच असतात. सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट, ब्लूटूथवर पाठवताना एसबीसी कोडेक (डेटा दाबून लहान करायची पद्धत) तो साधारण ३२८ वर आणतो, एलडॅक हा दुसरा कोडेक फार तर ९९०. मग इअरबडसाठी प्लेअर घेणं म्हणजे नुसता खिसा जड.

हां, प्लेअरवर ऐन आलापात मेसेजची टिंग वाजत नाही, हे सुख वेगळंच. पण स्ट्रीमिंग अ‍ॅप उघडायला घेतलं की माझा प्लेअर असला रखडतो की तोवर फोनवर अर्धं गाणं होऊन जातं.