८५/२५ ऑक्सिडाइज्ड डांबर: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, वर आरसीसी स्लॅब. फेब्रुवारीअखेर त्यावर टारफेल्टचं (डांबर पाजलेल्या जाड चादरीचं) वॉटरप्रूफिंग नव्यानं करून घेतलं आणि फेल्ट चिकटवायला ८५/२५ ग्रेडचं ऑक्सिडाइज्ड डांबर वापरलं, बाजारात ज्याला ब्लोन म्हणतात ते. आता दिवाळी झाली, एप्रिल-मेचं ऊनही झालं आणि अख्खा पावसाळाही, म्हणून सविस्तर लिहितोय. घेण्याआधी मी चौकशी करत होतो तेव्हा "माल चांगलाय, घेऊन टाका" यापलीकडं कुणी काही सांगत नव्हतं.

आधीच्या ठेकेदारानं रस्त्याचं डांबर वापरलं होतं, व्हीजी-३०. त्याचा सॉफ्टनिंग पॉइंट, म्हणजे डांबर मऊ पडतं ते तापमान, किमान ४७ अंश लागतो, म्हणजे रस्त्याला तो माल अगदी बरोबर आहे, पण मे महिन्यात काळी गच्ची साठच्या पुढं तापते, तिथं तो टिकणार कसा? पॅरापेटच्या वाट्यावरून (स्लॅब आणि कठड्याच्या कोपऱ्यातल्या उतारावरून) फेल्ट हळूहळू घसरत खाली आलं आणि पावसाळी पाइपाच्या तोंडाशी डांबराचे ओघळ जमले. मग जूनमध्ये गळती सुरू, मशीनवर प्लास्टिक टाकून काम केलंय आम्ही.

तर ऑक्सिडाइज्ड म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या, कारण सगळा फरक तिथंच पडतो. रिफायनरीत कच्च्या तेलाचा तळाचा जो जड भाग उरतो तो मोठ्या उभ्या टाकीत साधारण २३० ते २८० अंशांवर ठेवून खालून हवा फुंकतात. हवेतला ऑक्सिजन हायड्रोजन काढून घेतो, छोटे रेणू एकमेकांना जोडले जातात, अस्फाल्टीनचं, म्हणजे डांबरातल्या जड घटकाचं, प्रमाण वाढतं आणि माल घट्ट, थोडा रबरासारखा होतो. ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते, म्हणून हवा किती आणि तापमान किती यावर सतत लक्ष ठेवावं लागतं. जितका वेळ फुंकाल तितका सॉफ्टनिंग पॉइंट वर जातो आणि पेनिट्रेशन, म्हणजे सुई किती आत शिरते ते मऊपणाचं माप, खाली. काही कारखाने फेरिक क्लोराइड किंवा फॉस्फरसचं संयुग कॅटॅलिस्ट म्हणून घालतात, त्यानं तेवढ्याच सॉफ्टनिंग पॉइंटला माल जास्त लवचिक राहतो.

बॅगेवरचे दोन आकडे म्हणजे हेच. ८५ हा सॉफ्टनिंग पॉइंट, २५ हे पेनिट्रेशन. आयएस ७०२ या भारतीय मानकाप्रमाणे या ग्रेडला ८० ते ९० अंश आणि २० ते ३० अशी रेंज चालते. सॉफ्टनिंग पॉइंटला रिंगमध्ये डांबर भरून वर साडेतीन ग्रॅमची स्टीलची गोळी ठेवतात, मिनिटाला ५ अंशांनी तापवत नेतात, डांबर मऊ होऊन गोळीसकट २५ मिमी खाली उतरतं ते तापमान. एवढ्या वरच्या ग्रेडला पाण्याऐवजी ग्लिसरीन घेतात. पेनिट्रेशन म्हणजे २५ अंशांवर १०० ग्रॅम वजनाची सुई ५ सेकंदांत किती आत गेली, मिलिमीटरच्या दहाव्या भागात. सप्लायरकडून टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या, आणि माल जास्त असेल तर एका बॅगेचं सॅम्पल लॅबला द्याच. मी दिलं, रेंजमध्ये आलं. शिवाय मुठीएवढा एक तुकडा पत्र्यावर ठेवून दिवसभर उन्हात सोडला, संध्याकाळी कडा जरा गोल झालेल्या, बोट दाबलं तर ठसा उमटत होता पण पसरला अजिबात नव्हता.

दुकानदार ११५/१५ घ्या म्हणत होता, जास्त उष्णता सोसतं म्हणून. सोसतं हे खरं, पण ते कडक असतं, आणि आपल्याकडं निफाड-ओझरच्या पट्ट्यात थंडीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, स्लॅब आकसतो, तिथं कडक माल तडकायची भीती. नाशिकच्या गच्चीला माझ्या मते ८५/२५ च बरोबर.

कामाच्या वेळी दोन-तीन गोष्टी स्वतः उभं राहून बघा. बॅगा सकाळीच फोडा, गारव्यात कागद सुटून येतो, दुपारी चिकटून बसतो. भट्टीवर १८०-२०० अंश पुरे, थर्मामीटर लावा, मिस्त्री नजरेच्या अंदाजानं तापवतात आणि जास्त जाळलं की माल ठिसूळ होतो, आगीचा धोका वेगळाच. भट्टीत पाण्याचा थेंब जाता कामा नये, दूध उतू जावं तसं सगळं फसफसून बाहेर येतं. आधी प्राइमर (पातळ डांबराचा पहिला हात), तो पूर्ण वाळला की मग चौरस मीटरला साधारण दीड किलो गरम डांबर आणि लगेच फेल्ट. हातमोजे, बूट हवेतच. अंगावर उडालं तर भरपूर गार पाणी ओता, चिकटलेलं डांबर ओढून काढू नका, कातडी निघते, तसंच दवाखान्यात न्या.

निकाल सांगतो. मेमध्ये फेल्ट कुठंही घसरलं नाही, वाटा जागेवर, पाइपाच्या तोंडाशी ओघळ नाहीत. पावसाळ्यात आत एक डागसुद्धा नाही, आणि आमच्याकडं ते फार मोठं आहे. वर बारीक खडी दाबून घेतलीय, ती टाळू नका, उघड्या डांबराला ऊन लागून बारीक चिरा पडायला लागतात.

मेहुण्यांनी दिंडोरीला द्राक्षांच्या प्रीकूलिंग रूममध्ये (तोडलेला माल गार करायच्या खोलीत) भिंतीला थर्माकोल चिकटवायला हाच ग्रेड वापरलाय, तिथं ओलावा आत येऊ न देणं हे त्याचं मुख्य काम. फक्त डांबर भिंतीला लावून जरा निवू द्यायचं, नाहीतर थर्माकोल वितळतो. कारच्या पत्र्याखालचे आवाज कमी करणारे पॅड, जमिनीतल्या पाइपांचं कोटिंग, अशा कामांना पण ऑक्सिडाइज्डच जातं. रस्त्याचे खड्डे भरायला मात्र कुणी घेऊ नका, त्याला ओढल्यावर लांबायची ताकद नसते, गाड्यांखाली ते फुटतं.

तक्रारी पण आहेत. धूर आणि वास भयंकर, काम चाललं तेवढे दिवस शेजारच्या युनिटवाल्यांची बोलणी खाल्ली. रस्त्याच्या डांबरापेक्षा महाग पडलं. आणि सोलर हीटरचा पाइप स्लॅबमधून जिथं वर येतो तिथं पाइपाभोवती फेल्ट थोडं सुटलंय, अजून गळत नाहीये, पण तिथं पाइप हलतो त्यामुळं ८५/४० चा मऊ माल मागवलाय आणि मार्चच्या आत तेवढा जोड पुन्हा करून घेणार आहे.