अंडी पाण्यात उकडावीत की मोदकपात्रात?

दुकानातली पांढरी अंडी कोंबडीखालून निघून काही दिवस झालेले असतात. ती कशीही उकडा, बऱ्यापैकी सोलतात. खरी कटकट गावठी अंड्यांची. सकाळी खुराड्यातून काढलेलं अंडं दुपारी कालवणाला घ्यावं, तर टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघतात आणि वाटपात ओबडधोबड अंडी पडतात. मला निवड करायला लावली ती याच गोष्टीने.

ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, म्हणून त्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) 8 च्या आसपास राहतो आणि पांढरं आतल्या पापुद्र्याला चिकटतं. वायू टरफलाच्या छिद्रांतून निघून गेला की सामू 9 च्या पुढे जातो, पकड सुटते. त्यात थंड पाण्यापासून सुरुवात केली, तर पांढरं सावकाश तापत पापुद्र्याला धरूनच घट्ट होतं. शिवाय वेळेचा अंदाज लागत नाही. टोप केवढा, पाणी किती, चूल की गॅस, यावर उकळी कधी येणार ते ठरतं. ताज्या अंड्यांसाठी ही रीत मी तरी सुचवणार नाही.

कुकर घाईच्या वेळी ठीक. पण आत तापमान 100 अंशांच्या वर जातं, शिट्टी पुढेमागे झाली की बलकाभोवती हिरवट कडा येते. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येऊन ती बनते. खायला अपाय नाही, पण वास उग्र होतो.

राहिले दोन पर्याय, आणि दोन्हींत अंड्याला पहिल्यापासून पूर्ण आच मिळते. उकळत्या पाण्यात डावाने अलगद सोडलेली अंडी 11-12 मिनिटांत होतात आणि चांगली सोलतात. मात्र खळखळत्या पाण्यात ती एकमेकांवर आपटतात, तडकतात, पांढरं बाहेर येतं. फ्रीजमधून थेट काढलेली तर हमखास. आच मंद ठेवून हे टाळता येतं, पण लक्ष द्यावं लागतं.

मोदकपात्रात अंडं जागचं हलत नाही. तळाला दोन बोटं पाणी घालून आधी वाफ धरू द्या, मग जाळीवर अंडी एका थरात ठेवून झाकण लावा. गावठी लहान अंड्याला 10-11 मिनिटं, मोठ्याला 12-13, फ्रीजमधलं असेल तर मिनिटभर जास्त. मध्ये झाकण उघडू नका, वाफ जाते आणि हिशोब चुकतो. मोदकपात्र नसेल तर टोपात चाळण बसवली तरी चालते. हे हिशोब किनाऱ्यावरचे. महाबळेश्वरला पाणी 95-96 अंशांवरच उकळतं, तिथे थोडा जास्त वेळ द्यावा लागेल.

निवणंही तितकंच महत्त्वाचं. मे महिन्यात टाकीचं पाणी मुळातच कोमट असतं, त्यात अंडी आतून शिजतच राहतात. विहिरीचं ताजं पाणी घ्या, दोनदा बदला, नाहीतर बर्फ घाला. दहा मिनिटांनी बोथट टोकाकडून, जिथे हवेची पोकळी असते तिथून, टरफल फोडून पाण्यातच सोला.

अंडी आठवडाभर जुनी असतील, तर पाणी आणि वाफ यांत फारसा फरक जाणवणार नाही. त्याच दिवसाची असतील, तर मोदकपात्रच काढा.