साथीच्या काळातील सिनेगॉगची प्रार्थना-व्यवस्था : एक अभिप्राय

२०२० च्या कोविड साथीत आमच्या सिनेगॉगने, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराने, प्रार्थनेची जी पर्यायी व्यवस्था केली, तिचा वर्षभर लाभ घेतल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथचे, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतच्या पवित्र विश्रांतिदिनाचे, नियमही बाजूला ठेवावेत, हे ‘पिकुआख नेफेश’चे तत्त्व ज्यू धर्मात मुळातच असल्याने दारे बंद करण्याचा निर्णय कोणालाही अश्रद्धेचा वाटला नाही. पुढे अंगणात, अंतर राखून मांडलेल्या खुर्च्यांवर मिन्यान, म्हणजे किमान दहा प्रौढ पुरुषांची सामूहिक प्रार्थना, पुन्हा सुरू झाली. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीला तालीथचे, म्हणजे प्रार्थनेच्या शालीचे, टोक टेकवून ते ओठांना लावण्याची रीत थांबली, आणि रोश हशाना या ज्यू नववर्षाला शोफार या शिंगाच्या वाद्याच्या रुंद तोंडावर मास्क बांधला गेला, तरी त्याचा स्वर तितकाच काळजाला भिडला.

उणीव सांगायची तर ती शब्बाथची. त्या दिवशी विजेची उपकरणे हाताळायची नसल्याने ऑनलाइन प्रार्थना शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच आटोपावी लागे, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा पुढचा सबंध दिवस सुना जाई. त्यांच्यासाठी आणखी काही करता आले असते.

दिवंगत वडिलांसाठी कद्दिश ही मिन्यानमध्येच म्हणायची प्रार्थना म्हणणे मला मिन्यानअभावी कित्येक आठवडे जमले नाही. त्या दिवसांत रब्बींनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, फोन करून वडिलांच्या नावे मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मसंहितेचा एकेक उतारा माझ्याबरोबर सावकाश वाचला.