हवेच्या चाकांचे ऑफ-रोड स्केट्स: नाशिकच्या मुरमावर काही महिने वापरल्यावर

प्रत्येक पायाला १५० मिमीची दोन हवेची चाकं, दोन्ही चाकांच्या मध्ये पाऊल ठेवायची फ्रेम, आपलेच बूट घालून वरून आवळायचे पट्टे आणि मागे पोटरीला टेकणारा ब्रेक, अशी ही जोडी आहे. पावसाळ्याच्या शेवटापासून भर उन्हाळ्यापर्यंत गंगापूर धरणाकडचे आणि गिरणाऱ्याच्या बाजूचे शेतरस्ते, कालव्याकडेचा मुरूम यांवर ती चालवली. चाकांचा आकार बघून घ्यायचा मोह होत असेल तर आधीच सांगतो: चाकं चांगलीच आहेत, पण पैसे वसूल होतात ते ब्रेकमुळे.

चाक मोठं असण्याचा फायदा हिशेबात मांडता येतो. वाटेत १५ मिमीचा खडा आला, तर ८० मिमीच्या साध्या चाकाला तो चढायला त्या चाकावरच्या वजनाच्या सव्वापट आडवा जोर लागतो, १५० मिमीच्या चाकाला पाऊणपट पुरतो. शिवाय हवेचा टायर खड्यावर दबतो, त्यामुळे हादरा आणखी कमी बसतो. १२५ मिमीची कडक चाकं फुटक्या डांबरावर मस्त पळतात, पण सुट्या मुरमात अरुंद असल्याने रुततात. अर्थात रस्त्यावर नुकतीच पसरलेली मोठी खडी कुठल्याच चाकाला जमत नाही. तिथे स्केट्स काढून चालायचं.

हवेकडे रोज बघावं लागतं. या आकाराच्या ट्यूबमध्ये जेमतेम पाव लिटर जागा असते, म्हणजे मोठा ग्लासभर. त्यामुळे पंपाची नळी लावताना जी फुस्स होते, तेवढ्यातच दाब बराच उतरतो. गेज लावून नुसतं तपासायचं आणि काढायचं असं करू नका. लावलंत की भरूनच काढा. डांबरावर टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या जवळ, मुरमावर त्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास ठीक. फार कमी ठेवलात तर खड्यावर ट्यूब रिमला चिमटते आणि दोन भोकं पडतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी भरलेले ८० पीएसआय टायर उन्हात २५ अंशांनी तापला की ८८ होतात, तेव्हा काठोकाठ भरू नका. व्हॉल्व्ह वाकडा असेल तर पंपाचं तोंड नीट बसत नाही. कोनातलं एक्स्टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हवर बसवायची वाकडी जोडनळी, सोबत ठेवा.

आता ब्रेक. पोटरी मागे रेटली की मागची पट्टी थेट टायरवर घासते. पट्टी आणि टायर यांत ४-५ मिमी फट ठेवली. याहून कमी ठेवली तर ढकलताना ब्रेक घासतो, जास्त ठेवली तर ऐन वेळी पाय पुरत नाही. दोन्ही पायांची फट सारखी नसेल तर स्केट्स एका बाजूला ओढतात. थांबताना एक पाय अर्ध्या पावलाने पुढे, गुडघे वाकवून खुर्चीत बसल्यासारखं खाली, दोन्ही हात पुढे आणि मग दोन्ही पोटऱ्या एकदम मागे. पाय ताठ ठेवून नुसतं मागे झुकलात तर पाठीवर आपटाल. लांब उतारावर दाब-सोड, दाब-सोड करत उतरा. सतत दाबून ठेवलात तर रबराचा वास येतो आणि टायरचा पृष्ठभाग तापून भराभर झिजतो. पाय आडवा टाकून घासत थांबायची सवय असेल तर ती इथे सोडा. हवेचा टायर फरपटत नाही, अडतो आणि घोटा पिळतो.

ओल्या टायरवर पकड निम्म्यावर आल्यासारखी वाटते. पावसात डबकं पार केलं की दोन-तीनदा हलका ब्रेक मारून टायर पुसून घ्या. काळी माती मात्र ओली असताना टाळाच. ती टायरला चिकटते, ब्रेकपट्टीखाली आणि फ्रेमच्या फटीत घट्ट बसते आणि चाक अचानक अडून तुम्ही तोंडावर पडता. या जोडीचा खरा धोका वेग नाही, हा चिखल आहे. पाऊस थांबला तरी काळ्या रानातला रस्ता वरून वाळलेला आणि खाली ओला असतो. मुरूम त्याच्या कितीतरी आधी चालण्याजोगा होतो.

दुसरा शत्रू बाभळीचा काटा. जुन्या सायकल ट्यूबची पट्टी कापून टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसवली तर बारीक काटे अडतात, पण चाक जड होतं. सीलंट (आतून भोक बुजवणारा द्रव) घालायचं तर व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे आतली पिन, निघणारा हवा आणि प्रमाण १५-२० मिलीच ठेवा. काटा निघाला तरी टायरच्या आतून बोट हलक्या हाताने फिरवा, मोडलेलं टोक तिथेच असतं.

बूट मऊ सोलचे नकोत, फ्रेमवर पाऊल पिळतं. घोट्याच्या वर येणारे ट्रेकिंगचे बूट उत्तम. पहिल्या पंधरा मिनिटांनी पट्टे पुन्हा आवळा. चढासाठी मागचं चाक उलटं न फिरू देणारं लॉक आणि उंचीच्या सुमारे ९० टक्के लांबीच्या काठ्या असल्या की पायांवरचा भार खूप हलका होतो.

मागचे टायर ब्रेकमुळे आधी झिजतात, म्हणून नक्षी पुसट होऊ लागली की पुढचे-मागचे अदलाबदल करा. बेअरिंगवर ६०८ छापलेलं असेल तर माप ८-२२-७ मिमी आणि प्रत्येक चाकात दोन. रबरी सीलवालीच घ्या, पत्र्याच्या झाकणातून मुरमाची धूळ आत जाते. टायर आणि ट्यूब ६ × १¼ इंच मापात व्हीलचेअरच्या पुढच्या चाकांसाठीही येतात. तिथे शोधताना टायरवरचा कमाल दाब वाचून घ्या, आणि ब्रेकपट्टीखाली टायर मोकळा फिरतो का ते बसवून बघितल्याशिवाय उतारावर जाऊ नका.