हवाई अंतराचा कॅल्क्युलेटर: अंतर चोख, वेळ मात्र ताडून घ्या

दोन विमानतळ निवडायचे, की मधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ समोर. असा एक कॅल्क्युलेटर गेले काही महिने लांबच्या प्रवासांची आखणी करताना सतत वापरतोय. अंतराला पैकीच्या पैकी गुण, वेळ जेमतेम काठावर पास.

सिंगापूर चांगी ते न्यूयॉर्क जेएफके टाकलं तर सुमारे 15,350 किलोमीटर येतात. हा गोल पृथ्वीवरचा सर्वांत जवळचा मार्ग, म्हणून सपाट नकाशावर रेघ वाकडी दिसते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, पण त्यामुळे पडणारा फरक फार तर अर्धा टक्का. एककाकडे मात्र लक्ष ठेवा: नॉटिकल मैल 1.852 किलोमीटरचा, साधा मैल 1.609 चा.

वेळेचं गणित अगदीच भाबडं आहे. अंतराला एका ठरावीक वेगाने भागायचं, विमान वर चढण्याचा नि खाली उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, संपलं. त्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखाच निघतो. प्रत्यक्षात लंडनहून न्यूयॉर्कला जायला आठेक तास लागतात आणि परतताना सातच्या आसपास, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा जोरदार वारा, म्हणजे जेट स्ट्रीम, येताना पाठीशी असतो. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्यांच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं होतं! शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात धरलेलं.

बंद हवाई हद्दींचाही याला पत्ता नाही. 2022 मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेला. कॅल्क्युलेटर अजून जुनीच सर्वांत जवळची रेघ ओढतो.

पोहोचण्याची स्थानिक वेळही तो दाखवतो, पण तारीख विचारत नाही, आणि हे मला खटकतं. लंडन आणि सिडनीच्या घड्याळांत वर्षाच्या वेगवेगळ्या काळात 9, 10 किंवा 11 तासांचा फरक असतो. तारखेशिवाय उत्तर देणार कसं?

तरीही मी तो काढून टाकलेला नाही, त्याचं कारण मधला थांबा टाकण्याची सोय. लंडन–सिडनी सरळ अंतर साधारण 17,000 किलोमीटर. सिंगापूरमार्गे ते दोनेकशे किलोमीटरच वाढतं, दुबईमार्गे पाचशेच्या आसपास. म्हणजे एवढ्या मोठ्या प्रवासात दोन्ही वाटांमधला फरक हवेत जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. हे एकदा दिसलं की किलोमीटर बघायचं सोडून मी थेट कनेक्टिंग विमानासाठी किती तास ताटकळावं लागेल ते बघतो, आणि तो आकडा विमान कंपनीच्या वेळापत्रकातूनच घेतो.