किमतीच्या स्टिकरखाली

एकसष्टाव्या वर्षी माणूस एकसष्ट हजारांना फसला, असं आमची ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. वाक्य जमतं म्हणून वरचे पाचशे तिनं सोडून दिलेत. खरा आकडा ६१,५०० रुपये, आणि त्या पैशांत आल्या आठ इम्पोर्टेड रेकॉर्डी. हल्ली पंचविशी-तिशीची मुलं पुन्हा एलपी घ्यायला लागली आहेत, त्यातल्या कुणाचे तरी वाचावेत म्हणून लिहितोय. दुकानाचं नाव लिहीत नाही. माझ्याकडे कागद नाही, आणि तो का नाही तेही पुढे येईलच.

आमच्या घरी वडिलांचा एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्डप्लेअर होता. कॉलेजात असताना काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये ऐकण्याच्या बूथमध्ये उभं राहून फुकट रेकॉर्डी ऐकायच्या आणि निघताना लाजेकाजेस्तव एक कॅसेट घ्यायची, हा ठरलेला कार्यक्रम. २०१६ साली ते दुकान बंद झालं. मी निवृत्त झाल्यावर बऱ्यापैकी टर्नटेबल घेतलं आणि चोरबाजारात मटण स्ट्रीटच्या वाऱ्या सुरू केल्या. तिथं मी कधी फसलो नाही. बाजाराच्या नावातच इशारा असल्यामुळे माणूस खिसा आणि डोळे दोन्ही उघडे ठेवून जातो. रेकॉर्ड उन्हात तिरकी धरून चरे बघतो, एचएमव्हीच्या कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्याचा छाप बघतो, भाव निम्म्यावर आणतो.

हे दुकान तसलं नव्हतं. एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढून वर गेलं की एसी, कॉफीचा वास, भिंतभर फळ्या आणि हळू आवाजात लावलेला सॅक्सोफोन. मालक चाळिशीचा, आपल्यातलाच, शुद्ध मराठी बोलणारा. पहिल्या दिवशी मी ढिगाच्या अगदी वरची, ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीची एक रेकॉर्ड उचलली, तर त्यानं ती हलकेच माझ्या हातातून काढून घेतली.

"काका, ही नका घेऊ. रीइश्यू आहे. हे बघा." त्यानं कव्हर उलटं करून वरच्या कोपऱ्यातल्या काळ्या-पांढऱ्या रेघा दाखवल्या. "बारकोड दिसला की समजायचं, माल नंतरचा. साठ सालच्या कव्हरवर बारकोड येईल कुठून?"

बोलला ते शंभर टक्के खरं. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ ला, अमेरिकेत ओहायोमधल्या एका सुपरमार्केटात, च्युइंगगमच्या पाकिटावर. रेकॉर्डींच्या कव्हरांवर तो त्याच्याही नंतर आला. विकणारा स्वतःच माल नाकारतोय म्हटल्यावर मी विरघळलोच. त्या दिवशी तीन भारतीय रेकॉर्डी घेतल्या, त्या अस्सल निघाल्या. घरी येऊन मी बायकोला बारकोडवर व्याख्यानही दिलं.

दुसऱ्या खेपेला ग्रॅच्युइटीचे पैसे खात्यात होते. त्यानं आतल्या कपाटातून "नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला" माल काढला. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेननं १९५७ साली ब्लू नोटसाठी स्वतःच्या नावावर केलेली एकमेव रेकॉर्ड, अमेरिकेची पहिली आवृत्ती, १८,००० रुपये. आणखी दोन ब्लू नोट, साडेनऊ-साडेनऊ हजारांना. तीन जपानी, कडेला कागदाची उभी पट्टी असलेल्या, साडेपाच हजारांना एक. त्या पट्टीला ओबी म्हणतात, ती शाबूत असली की भाव चढतो, हेही त्यानंच शिकवलं. वर दोन इंग्लंडच्या, चार-चार हजारांना. मी शहाण्यासारखं प्रत्येक कव्हर उलटं करून बारकोड शोधला. एकावरही नव्हता. मागच्या बाजूला वरच्या उजव्या कोपऱ्यात होतं ते फक्त दुकानाचं किमतीचं स्टिकर. चांगलं जाड, गुलाबी आणि किमतीचे चार-पाच आकडे लिहायला लागावं त्याच्या तिप्पट मोठं.

हे मी आत्ता लिहितोय म्हणून तुम्हाला लगेच कळलं. मला तेव्हा नाही कळलं.

दुकानाचे नियम त्यानं हसत हसत सांगितले. सील तोडलं तर परत नाही, स्टिकर काढलं तर परत नाही. "लोक स्टिकर काढतात, स्वस्तातल्या मालावर लावतात आणि बदलून मागतात हो." पटण्यासारखंच होतं. बिल मागितलं तर म्हणाला, बिल हवं तर जीएसटी वर चढेल, तुमचेच पैसे जातील. मी मान डोलावली. यूपीआय केलं तेव्हा पडद्यावर दुकानाऐवजी कुणा बाईचं नाव आलं. "मिसेसचं खातं," म्हणाला. तेही पटलं. त्या दिवशी मला सगळंच पटत होतं.

जुलैत भांडं फुटलं. आमच्या घरी पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम सोडतात. कोल्ट्रेनच्या स्टिकरचा एक कोपरा ओल लागून वळला होता. नखानं जरा उचलला तर खाली काळी रेघ. मग दुसरी. बाकीचं स्टिकर हेअर ड्रायरनं गरम करून सोडवलं. बारकोड पूर्ण, आकड्यांसकट. आठपैकी पाच कव्हरांवर तेच.

माझा डोंबिवलीचा एक मित्र या बाबतीत पक्का आहे. तो टॉर्च आणि भिंग घेऊन आला. त्यानं लेबलाकडे बघितलंच नाही. लेबलावर ब्लू नोटचा जुना, न्यूयॉर्कमधल्या ४७ वेस्ट ६३ स्ट्रीटचा पत्ता आहे असं मी सांगायला गेलो, तर म्हणाला, नव्या आवृत्तीतही जुनं लेबल हौसेनं जसंच्या तसं छापतात. तसं छापण्यात गैर काही नाही, ती पुनर्मुद्रणं चांगली असतात आणि आवाजही छान असतो. लबाडी असते ती जुनी म्हणून विकण्यात. मग त्यानं तबकडी तिरकी धरून, गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो त्यावर उजेड टाकला. त्या काळच्या ब्लू नोट प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्यात छापल्या जायच्या आणि १९६६ पर्यंतच्या प्रतींवर तिथं एक बारीक खूण कोरलेली असते. असतो तो वळणदार पी, पण आडवा पडल्यामुळे माणसाच्या कानासारखा दिसतो. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची आरव्हीजी ही अक्षरंही तिथंच सापडतात. माझ्या तिन्ही रेकॉर्डींवर कान नव्हता. "आणि अस्सल पहिली आवृत्ती तुला अठरा हजारांत देणारा," मित्र म्हणाला, "एक तर खुळा असेल, नाहीतर तू."

मग तीन जपानींपैकी जी सीलबंद मिळाली होती ती. मी ती जपून ठेवली होती. फोडली. वरचं प्लॅस्टिक नवं, आत मधल्या भोकाभोवती केसासारख्या पुसट रेघांचं जाळं. रेकॉर्ड लावताना खुंटीवर भोक बसवायला आपण चाचपडतो ना, त्याच्या त्या खुणा. म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं ऐकलेली. श्रिंक रॅपचं मशीन काही फार महागाची वस्तू नाही, सील कुणीही मारू शकतो. उरलेल्या दोघींपैकी एकीची ओबी चक्क रंगीत झेरॉक्स होती, मागून कोरा पांढरा कागद.

दुकानात गेलो. त्याचा आवाज तसूभर चढला नाही. "काका, मी ओरिजिनल लिहून दिलंय का कुठं? आणि स्टिकर तर तुम्ही काढलंय." मग मोठ्या मनानं म्हणाला, बदल्यात दुसऱ्या घ्या, वरचा फरक तेवढा द्या.

ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला फोन केला. समोरच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न बिलाचा विचारला. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही, वकिलाचीही सक्ती नाही. पण मांडू काय? माझ्याकडे एका अनोळखी बाईच्या खात्यात पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट आहे आणि आठ रेकॉर्डी आहेत. बिल मागितलं असतं आणि त्यावर "अमेरिका, पहिली आवृत्ती" एवढं लिहून घेतलं असतं, तर एक तर त्यानं विकल्याच नसत्या, नाहीतर आज ती ओळ माझ्या हातात असती. जीएसटी वाचवला म्हणून मी जिना उतरताना खूश होतो.

कोल्ट्रेन मी ऐकतो अजून. वाजते सुरेख.

परवा त्या बाजूला काम होतं म्हणून पुन्हा वर डोकावलो. पंचविशीचा एक मुलगा उभा होता आणि मालक त्याच्या हातातून हलकेच एक रेकॉर्ड काढून घेत होता. "ही नको घेऊस, रीइश्यू आहे." तीच रेकॉर्ड. ढिगाच्या वर, त्याच जागी. ती विकायला नव्हतीच कधी.

मी खाली जिन्यापाशी थांबलो. अर्ध्या तासानं मुलगा पिशवी घेऊन उतरला. म्हटलं, बाळा, एक गुलाबी स्टिकर काढून बघ.

"नको काका," तो पिशवी जवळ घेत म्हणाला, "स्टिकर काढलं तर परत घेत नाहीत ते."