एनक्रिप्टेड गेस्टमधील इंटरप्ट: टीडीएक्स निवडावे की एसएनपी, आणि एसएनपीचा कोणता प्रकार?

एनक्रिप्टेड व्हर्च्युअल मशीनसाठी (म्हणजे गेस्टसाठी) इंटेलचे टीडीएक्स किंवा एएमडीचे एसएनपी यांसारखा प्लॅटफॉर्म निवडताना चर्चा बहुधा मेमरीच्या एनक्रिप्शनवर आणि अटेस्टेशनवर (मशीनमध्ये ठरलेलेच सॉफ्टवेअर चालते याच्या पुराव्यावर) होते, आणि इंटरप्टचा, म्हणजे प्रोसेसरला चालू काम थांबवायला लावणाऱ्या संकेताचा, विषय मागे पडतो. वास्तविक होस्टवर (गेस्ट चालवणाऱ्या यजमान यंत्रणेवर) विश्वास ठेवायचा नाही असे ठरवल्यानंतरही गेस्ट कर्नलला (गेस्टमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) हातातले काम मध्येच सोडायला लावण्याचा अधिकार त्याच होस्टकडे राहतो, ही गोष्ट आधी खटकायला हवी. त्यामुळे इंटरप्ट किती वेगाने पोहोचतो यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की, आलेला इंटरप्ट खरोखर कोठून आला हे गेस्ट कर्नलला स्वतःच्या विश्वासातल्या नोंदीवरून तपासता येते का. माझ्या मते निवडीचा निकष हाच असावा.

हा धोका कागदावरचा नाही. ईटीएच झ्युरिखच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या ‘हेकलर’ या हल्ल्यात होस्ट योग्य क्षण साधून गेस्टमध्ये १२८ क्रमांकाचा वेक्टर (इंटरप्ट कोणता हे सांगणारा क्रमांक) घुसवतो. लिनक्समध्ये हाच क्रमांक जुन्या ३२-बिट सिस्टिम कॉलसाठी (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागणीसाठी) वापरला जातो, त्यामुळे प्रोग्रॅमनेच कॉल केला असे कर्नल समजतो आणि त्याचे उत्तर रॅक्स रजिस्टरमध्ये लिहितो. त्याच क्षणी पासवर्ड तपासणाऱ्या फंक्शनचा निकाल त्या रजिस्टरमध्ये असेल, तर नकाराचा होकार होतो. मेमरीचा एकही बाइट डिक्रिप्ट न करता ओपनएसएसएच (दूरवरून लॉग-इन) आणि सुडो (प्रशासकाचे अधिकार घेण्याची आज्ञा) यांची तपासणी अशा रीतीने ओलांडता आली.

इंटेलच्या टीडीएक्समध्ये एपीआयसीचे (प्रोसेसरच्या इंटरप्ट नियंत्रकाचे) व्हर्च्युअल पान गेस्टच्या संरक्षित भागात असते आणि होस्टला ते लिहिता येत नाही. होस्ट फक्त पोस्टेड इंटरप्टच्या (मेमरीतल्या नोंदीतून इंटरप्ट कळवण्याच्या) मार्गाने वेक्टर सुचवू शकतो आणि पुढचे काम प्रोसेसर करतो. अपवादांचे (सूचना चालवताना प्रोसेसरच उभ्या करतो त्या अडचणींचे) वेक्टर मात्र त्याला घुसवता येत नाहीत. व्हीई हा व्हर्च्युअलायझेशनचा अपवादही प्रोसेसर किंवा टीडीएक्स मॉड्यूल या इंटेलच्या विश्वासू सॉफ्टवेअरकडूनच येतो आणि त्याची माहिती गेस्टने वाचेपर्यंत एनएमआय (एरवी अडवता न येणारा इंटरप्ट) अडवून ठेवला जातो. हेकलरचा १२८ वेक्टर टीडीएक्सवरही चालत होता, पण डिसेंबर २०२३ मधील दुरुस्तीनंतर लिनक्स कर्नल त्या वेक्टरच्या वेळी एपीआयसीची चालू सेवेची नोंद पाहतो: नोंद असेल तर तो बाहेरून आला, नसेल तर प्रोग्रॅमने केलेला कॉल. नोंद विश्वासार्ह असल्यामुळेच ही तपासणी शक्य झाली आणि ३२-बिट प्रोग्रॅम टीडीएक्स गेस्टमध्ये चालू ठेवता आले.

एएमडीच्या एसएनपीच्या साध्या प्रकारात हीच तपासणी निरर्थक ठरते, कारण तिथे एपीआयसीची नक्कल होस्टच करतो आणि नोंदही त्याच्याच हातात असते. म्हणून लिनक्सने तिथे ३२-बिट अनुकरणच बंद केले. एवढ्याने भागत नाही, कारण या प्रकारात होस्ट अपवादही घुसवू शकतो. त्याच संशोधकांच्या ‘वीसी’ हल्ल्यात खोटा व्हीसी अपवाद (होस्टची मदत लागणाऱ्या सूचनेच्या वेळी गेस्टला मिळणारा) आणि मनाजोगते कारण पाठवून गेस्टच्या हँडलरकडूनच (अपवाद हाताळणाऱ्या कोडकडूनच) रजिस्टरमधली माहिती होस्टला दिसणाऱ्या पानावर उतरवून घेतली गेली. त्यावरची दुरुस्ती अशी की, सांगितलेले कारण आणि प्रत्यक्ष सूचनेचे बाइट जुळतात का हे हँडलर आता पाहतो. ही दुरुस्ती आवश्यक आहे, पण ती ठिगळासारखी आहे.

याला एसएनपीनेच दिलेले पर्याय तीन आहेत. रिस्ट्रिक्टेड इंजेक्शनमध्ये होस्टला फक्त एचव्ही हा २८ क्रमांकाचा अपवाद पाठवता येतो आणि बाकीचा निरोप सामायिक डोअरबेल पानावर ठेवावा लागतो. कल्पना स्वच्छ आहे, परंतु हा अपवाद गेस्टने इंटरप्ट बंद ठेवलेले असतानाही येऊ शकतो, त्यामुळे हँडलरला अपुऱ्या अवस्थेतल्या स्टॅकपासून पुनःप्रवेशापर्यंत (हँडलर चालू असतानाच तो पुन्हा सुरू होण्यापर्यंत) सगळे सांभाळावे लागते. मुख्य लिनक्समध्ये हा मार्ग रुजलेला नाही. हे वैशिष्ट्य चालू असेल तर ते न कळणारा कर्नल बूट होतानाच थांबतो, आणि ते योग्यच आहे. अल्टरनेट इंजेक्शनमध्ये एपीआयसीची नक्कल गेस्टच्याच आत, अधिक अधिकाराच्या पातळीवर चालणारा कोकोनट-एसव्हीएसएमसारखा छोटा थर करतो. कर्नल जवळजवळ न बदलता यामुळे संरक्षण मिळते, मात्र त्या थराचा कोडही आपल्या विश्वासाच्या वर्तुळात येतो.

तिसरा पर्याय, सिक्युअर एव्हीआयसी, मला सर्वांत सरस वाटतो. एपीआयसीचे पान गेस्टच्या खाजगी मेमरीत राहते आणि होस्टने कोणते वेक्टर सुचवावेत याची परवानगी-यादी गेस्ट स्वतः ठरवतो. एनएमआयसाठीही वेगळी परवानगी लागते. टीडीएक्समध्ये गेस्टला अशी वेक्टरनिहाय यादी देता येत नाही. किंमत अशी की, एका व्हर्च्युअल सीपीयूने दुसऱ्याला इंटरप्ट पाठवताना गेस्ट कर्नलला दुसऱ्याच्या पानावर स्वतः नोंद करून मग होस्टला कळवावे लागते, आणि एक्स२एपीआयसी ही एपीआयसीची नवी पद्धतच वापरावी लागते. शिवाय त्यासाठी नवा प्रोसेसर आणि नवा कर्नल दोन्ही हवेत.

आर्मच्या सीसीए या अशाच तंत्रज्ञानामध्ये होस्टने दिलेल्या इंटरप्टच्या नोंदी आरएमएम हा होस्ट आणि गेस्ट यांच्यामधला विश्वासू थर तपासतो, एवढे येथे पुरे.

टायमर किंवा आंतर-सीपीयू इंटरप्ट होस्टने गिळून टाकणे यावर मात्र यांपैकी कोणाकडेही उपाय नाही. टीएलबी (मेमरी पत्त्यांच्या भाषांतराचा प्रोसेसरमधला साठा) साफ करण्याचा निरोप पोहोचला नाही तर पाठवणारा सीपीयू उत्तराची वाट पाहत अडकतो: मशीन थांबते, गुपित फुटत नाही. सेवा सतत चालू राहण्याची हमी या तंत्रज्ञानांनी मुळात दिलेलीच नाही.

आजच निर्णय घ्यायचा असेल आणि ३२-बिट प्रोग्रॅम अनिवार्य असतील, तर दुरुस्त कर्नलसह टीडीएक्स घ्यावे. एएमडीवरच राहायचे असेल तर सिक्युअर एव्हीआयसी उपलब्ध आहे का हे आधी विचारावे. नसेल तर एसव्हीएसएमसह अल्टरनेट इंजेक्शन. साधे एसएनपीच हाती असेल, तर २०२४ च्या दुरुस्त्या असलेला कर्नल चालवावा, ३२-बिट अनुकरण बंदच ठेवावे आणि शून्याने भागाकारासारख्या सिग्नलचे हँडलर लावून त्यांत महत्त्वाची अवस्था बदलणारे प्रोग्रॅम एकदा तपासून घ्यावेत, कारण तो सिग्नल खऱ्या भागाकाराविनाही येऊ शकतो.